जुन्या जीपच्या चाकाची बेअरिंग जुळवण्यासाठी लागणारी हत्यारे

कोणत्याही जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचा पुढचा ड्राइव्ह फ्लँज, म्हणजे ॲक्सल आणि चाक यांना जोडणारी बाहेरची तबकडी, काढून आतला मोठा नट पाहिला, की त्या गाडीवर आजवर कोणत्या हातांनी काम केले आहे ते कळते. नटाचे सहाही कोपरे शाबूत असतील, तर आधीच्या मिस्त्रीकडे योग्य पाना होता. कोपरे गोल झालेले असतील आणि त्यांवर तिरके घाव दिसत असतील, तर छिन्नी आणि हातोडा यांच्यावरच काम भागवलेले असते. मी पाहिलेल्या बहुतेक नटांवर असे घाव होते. छिन्नीने नट फिरतो यात शंका नाही, पण तो किती फिरला आणि किती घट्ट झाला हे छिन्नी सांगत नाही, आणि बेअरिंग जुळवणे म्हणजे नेमके तेवढेच ठरवणे. शिवाय घाव घालताना उडालेला लोखंडाचा बारीक कीस ग्रीसमध्ये मिसळून थेट बाहेरच्या बेअरिंगमध्ये उतरतो, हा तोटा वेगळाच.

पुढील विवेचन मुख्यतः विलीस घराण्यातल्या, म्हणजे महिंद्राच्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकांबद्दल आहे. त्यांच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागात, समोरासमोर बसवलेली दोन टेपर रोलर बेअरिंग असतात आणि ती स्पिंडलवरच्या, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या स्थिर पोकळ दांड्यावरच्या, दोन नटांनी जुळवली जातात. जुन्या टोयोटा लँड क्रूझरची किंवा लँड रोव्हर डिफेंडरची रचनाही तत्त्वतः अशीच असते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत मात्र सीलबंद हब-युनिट येते आणि त्यात जुळवण्यासारखे काही ठेवलेलेच नसते. बेअरिंग वाजू लागले की ते युनिटच बदलावे लागते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे हत्यारे विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

टेपर बेअरिंगचा स्वभाव समजला, तर कोणते हत्यार कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही. या बेअरिंगचे रोलर तिरपे असतात आणि ते आतली कडी व बाहेरची वाटी यांच्यामध्ये फिरतात. नट आत सरकला की आतली कडी वाटीत अधिक खोल रुतते आणि सैलपणा कमी होतो. नट मागे आला की सैलपणा वाढतो. सैल बेअरिंगमध्ये चाक डगमगते, ग्रीस सील एका बाजूने झिजते, ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क हलू लागते आणि टायर ओबडधोबड घासतो. घट्ट बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन बाहेर येते आणि अखेरीस रोलरचे पोलाद निळे-जांभळे पडते. सैल बेअरिंग आवाज करून आणि डगमगून आधी सूचना देते. घट्ट बेअरिंग बहुधा काही न सांगता थेट रस्त्यात थांबवते, म्हणून दोन्हींपैकी एक चूक करायचीच असेल, तर ती किंचित सैल ठेवण्याची करावी.

हत्यारांना हात लावण्यापूर्वी बिघाड खरोखर बेअरिंगचाच आहे याची खात्री करावी. चाक उचलून वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवले असता खडखड जाणवली, तर पुष्कळ जण लगेच बेअरिंगकडे वळतात. पण या जीपमध्ये किंग-पिनची, म्हणजे स्टिअरिंग वळवताना चाक ज्यावर वळते त्या खुंट्यांची, बेअरिंग झिजली, तरी अगदी तशीच खडखड होते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी एक मदतनीस पुरतो. त्याला ब्रेकचे पेडल दाबून धरायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर सैलपणा नाहीसा झाला, तर तो चाकाच्या बेअरिंगमध्ये होता. तसाच राहिला, तर तो किंग-पिनमध्ये आहे आणि हबचा नट कितीही आवळला तरी जाणार नाही. किंग-पिनची चूक झाकण्यासाठी नट आवळत गेल्याने चांगली बेअरिंग जळाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

गाडी उचलण्यासाठी हायड्रॉलिक बॉटल जॅक पुरतो, परंतु जॅकच्या भरवशावर चाक काढून काम करू नये. ॲक्सलच्या नळीखाली लोखंडी स्टँड लावून गाडीचे वजन त्यावर उतरवावे आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्यावेत. ठोकळ्यांचा आग्रह धरण्याचे कारण असे, की विलीस पद्धतीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जमिनीवरून सुटले, की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरमुळे, जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे फिरू शकते आणि ओढलेल्या हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही. सपाट अंगणातसुद्धा गाडी अशी हातभर सरकलेली मी पाहिली आहे.

फ्लँज उघडण्याचे काम साध्या पान्यांनी होते. टोपी काढल्यावर ॲक्सलच्या टोकावरची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) काढायला बाहेर उघडणारी सर्क्लिप पक्कड लागते. दोन स्क्रूड्रायव्हरांनी ती निघते, पण हमखास उडून गवतात जाते आणि मग अर्धा तास तिच्या शोधात जातो. लँड क्रूझरच्या फ्लँजच्या नटांखाली शंकूच्या आकाराचे फटीचे वॉशर असतात. ते ओढून निघत नाहीत. स्टडवर नट टोकापर्यंत परत फिरवून त्यावर आणि फ्लँजच्या कडेवर पितळी हातोड्याने ठोके दिले, की वॉशर आपोआप सुटतात. पितळ येथे केवळ शोभेसाठी नाही: पोलादी हातोड्याने स्टडचे आटे दबतात आणि मग नट चढत नाही.

आता मुख्य हत्यार, म्हणजे हबच्या नटाचे सॉकेट किंवा बॉक्स पाना. लँड क्रूझरला ५४ मिमीचे आणि डिफेंडरला ५२ मिमीचे सॉकेट लागते. जुन्या जीपचे माप मात्र इंचात असते, आणि नट पुढे कधी बदललेला असण्याची शक्यता असल्यामुळे ऐकीव मापावर खरेदी करू नये. एका चाकाचा फ्लँज काढावा, नटाच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधले अंतर व्हर्नियरने मोजावे, तिन्ही जोड्या मोजून सर्वांत मोठा आकडा धरावा आणि मगच दुकानात जावे. नट सहा बाजूंचा नसून चार खाचांचा गोल असेल, तर त्याला चार दातांचे सॉकेट लागते आणि तेथे दातांची रुंदी व खाचांचे बाहेरचे अंतर अशी दोन्ही मापे घ्यावी लागतात.

सॉकेट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे भिंतीची जाडी. ट्रकसाठीचे इम्पॅक्ट सॉकेट मजबूत असते, पण त्याची भिंत इतकी जाड असते की ते हबच्या तोंडातून आतच जात नाही; येथे पातळ भिंतीचे सॉकेटच हवे. दुसरी गोष्ट खोली: स्पिंडलचे आणि ॲक्सलचे टोक नटाच्या बाहेर आलेले असते, त्यामुळे उथळ सॉकेट नटापर्यंत पोहोचण्यापूर्वीच टोकाला टेकते. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाजारातल्या सॉकेटच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, म्हणजे ते नटावर सहज चढावे. साध्या जाड नटावर त्याने बिघडत नाही, पण हबचा नट पातळ असतो आणि त्याच्या उंचीपैकी बरीचशी त्या उतारातच जाते. जोर लावला की सॉकेट घसरते आणि कोपरे गोल होतात. म्हणजे योग्य हत्यार वापरूनही छिन्नीचाच परिणाम हाती येतो. यावर उपाय सोपा आहे. लेथवाल्याकडे जाऊन सॉकेटचे तोंड उतार संपेपर्यंत कापून सपाट करून घ्यावे. मी माझ्या सॉकेटचे तोंड असे घासून घेतल्यापासून ते एकदाही घसरलेले नाही.

सॉकेट मिळालेच नाही, तर जाड नळीच्या तुकड्याच्या टोकाला सहा बाजूंचे तोंड बसवून आणि दुसऱ्या टोकाला आडवी सळई घालण्यासाठी भोके पाडून बॉक्स पाना बनवता येतो. शेतीच्या अवजारांची दुरुस्ती करणारे अनेक जण असे काम हसत करून देतात. फक्त बनवून घेताना मागच्या टोकाला १/२ इंची चौकोनी भोकाची पट्टी वेल्ड करून घ्यावी, म्हणजे पुढे टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) लावता येईल. ही पट्टी नसलेला बॉक्स पाना नट उघडायला चांगला, पण जुळवायला अपुरा असतो.

हब उतरल्यावरची हत्यारे घरात सापडण्यासारखी आहेत. जुने सील काढायला सील पुलर असल्यास उत्तम, नसल्यास टायर काढण्याची छोटी पट्टी चालते, कारण ते सील पुन्हा वापरायचे नसते. वाटी बाहेर काढण्यासाठी पितळी सळई लागते. हबच्या आतल्या खाचांतून ती वाटीच्या मागच्या कडेवर टेकवून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे हलके ठोके द्यावेत. नवी वाटी बसवताना जुन्या वाटीचा घेर बाहेरून किंचित घासून तिचाच ठोकण्यासाठी उपयोग करावा. ती तंतोतंत मापाची असते आणि फुकट मिळते. वाटी पूर्ण बसली, की ठोक्याचा आवाज बद्द न राहता टणक होतो. हा बदल कानाला स्पष्ट कळतो.

बेअरिंग धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल, पसरट थाळी आणि रंगाचा ब्रश पुरतो. कॉम्प्रेसरची हवा मारून सुकवताना बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवण्याचा मोह टाळावा. कोरडे रोलर त्या वेगाने फिरले की त्यांच्यावर ओरखडे येतात आणि रोलर धरून ठेवणारा पिंजरा सुटला तर ते गोळीसारखे उडतात. ग्रीस दुधी कॉफीच्या रंगाचे झालेले दिसले, तर आत पाणी गेले आहे असे समजावे. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या आणि भातखाचरांतून जाणाऱ्या कोकणातल्या जीपमध्ये हे दृश्य नेहमीचे आहे. गरम हब एकदम थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाजवळून पाणी आत खेचले जाते. नवे ग्रीस चाकाच्या बेअरिंगसाठीचे, एनएलजीआय २ प्रतीचे (हे ग्रीसच्या घट्टपणाचे माप) घ्यावे आणि जुने पूर्ण धुतल्याशिवाय भरू नये, कारण वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात. भरण्यासाठी तळहातासारखे साधन नाही: तळव्यावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची मोठी कड त्यात दाबत राहावे आणि लहान कडेकडून ग्रीसचे धागे बाहेर येईपर्यंत थांबू नये.

प्रत्यक्ष जुळवणीची विलीसची पद्धत जुनी आणि साधी आहे. आतला नट चाक अडू लागेपर्यंत आवळायचा आणि मग सुमारे १/६ फेरा मागे घ्यायचा. तरीही चाक मोकळे फिरत नसेल, तर आणखी थोडा. पुढच्या काळातल्या जीपच्या सूचनांत आवळण्याचा आकडाही दिलेला आहे: हब फिरवत ठेवून ५० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटर. हब फिरवत ठेवण्याचे कारण असे, की रोलर आपापल्या जागी आतल्या कडीच्या मोठ्या कडेला लागून बसले पाहिजेत. स्थिर हबवर आवळलेला नट खोटे माप देतो. आता १/६ फेरा मोजण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, कारण नटाला सहा बाजू आहेत. नटाच्या एका कोपऱ्यासमोर स्पिंडलवर खडूची रेघ ओढावी आणि पुढचा कोपरा त्या रेघेवर येईपर्यंत नट मागे फिरवावा. तो बरोबर १/६ फेरा होतो. चार खाचांच्या नटाला ही सोय नाही, तेथे डोळ्यानेच अंदाज घ्यावा लागतो.

यानंतर लॉक वॉशर आणि बाहेरचा लॉक नट येतो, आणि बहुतेक चुका येथेच होतात. आतल्या नटाच्या आट्यांत आणि स्पिंडलच्या आट्यांत थोडी फट असते. लॉक नट आवळला की तो आतल्या नटाला त्या फटीइतका आत ढकलतो आणि आपण मोजूनमापून ठेवलेला सैलपणा कमी होतो. म्हणून लॉक नट पूर्ण आवळण्यापूर्वी घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही. जीपच्या लॉक नटासाठीही ५० फूट-पाउंडच सांगितलेले आहेत. ८० मालिकेतल्या लँड क्रूझरसाठी ६४ न्यूटन-मीटर. लॉक नट आवळून मग हब तपासावा, घट्ट वाटल्यास सर्व उघडून आतला नट आणखी थोडा मागे घ्यावा आणि पुन्हा आवळावे. हे दोन-तीनदा करावे लागते आणि त्याबद्दल कंटाळा करू नये.

या कामासाठी १/२ इंची ड्राइव्हचा टॉर्क पाना पुरतो. मात्र प्रत्येक टॉर्क पान्याला खालची मर्यादा असते. २० ते २०० न्यूटन-मीटरच्या पान्याने ६४ किंवा ६८ चा आकडा नीट मिळतो, पण लँड क्रूझरच्या जुळवणीत मधल्या टप्प्यावर लागणारा सुमारे ५ न्यूटन-मीटरचा हलका जोर त्याने मोजता येत नाही. त्या टप्प्यासाठी लहान पाना किंवा पुढे सांगितलेला स्प्रिंग काटा वापरावा.

स्प्रिंग काटा हे या साऱ्या हत्यारांतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित हत्यार आहे. टोयोटाच्या पद्धतीत सैलपणा ठेवत नाहीत, तर बेअरिंगवर किंचित आगाऊ दाब ठेवतात आणि तो चाकाच्या बोल्टला काटा अडकवून मोजतात. काटा बोल्टच्या वर्तुळाला स्पर्शरेषेत, म्हणजे त्रिज्येशी काटकोनात ओढायचा आणि हब हलू लागण्याच्या क्षणी काटा काय दाखवतो ते वाचायचे. ८० मालिकेसाठी हा आकडा २८ ते ५६ न्यूटन, म्हणजे सुमारे २.९ ते ५.७ किलो असतो. त्यासाठी ० ते १० किलोचा, १०० ग्रॅमच्या खुणांचा काटा घ्यावा. रद्दीवाल्याकडे असतो तो ५० किलोचा काटा येथे निरुपयोगी आहे, कारण आपल्याला हवा असलेला सारा भाग त्याच्या पहिल्या दोन-चार रेघांत संपतो. मोजताना ब्रेकचे पॅड किंवा शू हबला घासत नसले पाहिजेत आणि ड्राइव्ह फ्लँज काढलेलाच असला पाहिजे, नाहीतर ॲक्सल आणि डिफरन्शियल यांचा अडथळाही आकड्यात मिसळतो.

जीपच्या चाकाचे बोल्टही योगायोगाने त्याच १३९.७ मिमीच्या वर्तुळावर बसतात, म्हणून टोयोटाचा आकडा जीपला लावण्याचा मोह होतो. तसे करू नये. जीपची पद्धत सैलपणाची आहे, दाबाची नाही. तरीसुद्धा काटा जीपला उपयोगी पडतो, तो डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करण्यासाठी. दोन्ही हबांना नवे सील आणि सारखेच ग्रीस असताना एका बाजूला १ किलो आणि दुसऱ्या बाजूला ३ किलो लागत असतील, तर दुसऱ्या बाजूचा नट जास्त आवळला गेला आहे यात संशय उरत नाही.

सैलपणा आकड्यात हवा असल्यास चुंबकी स्टँडचे डायल गेज लागते. चुंबक हबच्या तोंडावर बसवून सुई स्पिंडलच्या टोकावर टेकवावी आणि हब दोन्ही हातांनी सरळ आत-बाहेर ओढावा. तिरका हलवला तर वाचन फसवे येते. अशा चाकांच्या बेअरिंगसाठी साधारणपणे ०.०२५ ते ०.१२५ मिमी इतका सैलपणा योग्य मानतात. पुढच्या चाकांसाठी मी हे गेज चैनीची वस्तू समजतो, परंतु टेपर, म्हणजे निमुळत्या टोकाच्या, ॲक्सलच्या मागच्या चाकांना ते टाळता येत नाही. तेथे नट आवळून सैलपणा बदलतच नाही; तो ब्रेकच्या पाठीमागच्या प्लेटखालच्या पातळ शिमने, म्हणजे पत्र्याच्या चकत्यांनी, ठरतो, आणि दोन्ही ॲक्सल मध्यावरच्या ठोकळ्याला टेकत असल्यामुळे एका बाजूच्या शिमचा परिणाम दुसऱ्या बाजूवरही होतो. मागचा हब काढण्यासाठी स्क्रूचा ओढणारा पुलर वापरावा. ॲक्सलच्या टोकावर घणाचे घाव घालून हब सैल करण्याची पद्धत सर्रास आढळते, पण ते घाव थेट मधल्या ठोकळ्यावर आणि बेअरिंगवर जाऊन पोहोचतात.

काही वर्षांपूर्वी वेळेअभावी मी माझ्या जीपची पुढची चाके एका गॅरेजात जुळवून घेतली होती. परतताना ताम्हिणी घाटात ग्रीस जळाल्याचा वास आला म्हणून उतरून पाहिले, तर उजव्या हबला हात लावता येत नव्हता आणि डावा जेमतेम कोमट होता. सावलीत तासभर थांबून, सॉकेट गाडीतच असल्यामुळे रस्त्याच्या कडेला फ्लँज उघडला. लॉक नटाखालचा वॉशर न दुमडलेला आणि आतला नट छिन्नीने शेवटपर्यंत ठोकलेला होता. नट एक बाजू मागे घेतल्यावर गाडी घरापर्यंत आली, पण बाहेरच्या बेअरिंगचे रोलर निळे पडले होते आणि ते बदलावेच लागले. तेव्हापासून सॉकेट, सर्क्लिप पक्कड आणि एक नवा लॉक वॉशर सीटखालच्या पेटीत कायम असतो.

जुळवणीनंतरची तपासणी हाताच्या तळव्याने होते, आणि हवे असल्यास दुरून तापमान सांगणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी, शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न दाबता संपवावा, कारण ब्रेकची उष्णता बेअरिंगच्या नावावर खपते, आणि थांबताच दोन्ही हबांना हात लावून पाहावा. कोमटपणा चालतो, दोन्हींत ठळक फरक असेल, तर तापलेली बाजू पुन्हा उघडावी. या चाचणीला निघण्यापूर्वी, फ्लँज बसवण्याआधीच, लॉक वॉशरची एक जीभ आतल्या नटावर आणि दुसरी लॉक नटाच्या सपाट बाजूवर दुमडावी. दुमडण्यासाठी बोथट पंच वापरावा, धारदार छिन्नीने जीभ मुळाशी कापली जाते. एकदा दुमडलेली जीभ सरळ करून पुन्हा वापरू नये. वॉशरची किंमत चहा-वड्याहून फारशी जास्त नसते, त्यामुळे प्रत्येक वेळी नवाच घालावा आणि सुमारे पाचशे किलोमीटरनंतर चाक उचलून एकदा हलवून पाहावे.